पडद्याचं माप घ्यायला रत्नागिरीला

विल्याचा फोन आला तेव्हा मी गोदामामागे सतरंज्यांना ऊन देत होतो. "सद्या, हॉलच्या स्टेजमागे पडदा लावायचाय. मोठा. पुरी भिंत." मी म्हटलं, माप कळव, शिवून पार्सल करतो. तर आवाज खाली आणून म्हणाला, "नको. तू स्वतः ये. आणि इथे कोणी विचारलंन तर खुर्च्यांच्या कामाला आलोय म्हणून सांग."

विल्या म्हणजे विलास. तरुणपणी आम्ही दोघं पुण्यात एकाच मंडपवाल्याकडे बांबू वाहायचो आणि रात्री गुंडाळलेल्या गालिच्यांवर झोपायचो. पुढे तो आपल्या रत्नागिरीला परत गेला, टेम्पो घेतला, आंब्याच्या पेट्या वाहिल्या आणि आता शहराबाहेर स्वतःचं मंगल कार्यालय बांधलं. मी मिरजेत मंडप-डेकोरेशनचा धंदा टाकला. पडदे, झालरी, कनाती. भिंत कशीही असो, तिला नटवून उभी करायची, हे माझं पोटाचं काम.

मंगलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, फोनचं सांगितलं. ती म्हणाली, "खुर्च्यांचं काम खोटं असेल तर मीपण येते. बायको बरोबर असली की खोटं कामसुद्धा खरं वाटतंय." असा आमचा रत्नागिरी दौरा ठरला. किल्ले, दीपगृह आणि मंदिरांची माहिती हवी असेल तर ती दुसरीकडे भरपूर मिळेल. मी तीन दिवसांत जास्तीत जास्त वेळ एका भिंतीसमोर बसून होतो, आणि त्याबद्दलच लिहिणार आहे.

शुक्रवारी पहाटे निघालो. मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा सरळ रस्ता आहे. चौपदरीकरणाचं काम बरंच झालंय, पण जिथे झालेलं नाही तिथे धूळ अशी की पुढच्या ट्रकचे दिवे दुपारीसुद्धा शोधावे लागतात. गाडीच्या काचा वर ठेवा आणि घाई करू नका. मलकापूरच्या अलीकडे एका टपरीवर मिसळ खाल्ली. घाटाआधी पोट भरून घ्यावं, पण तर्री जपून. घाटाची वळणं मिसळीला ओळखतात. घाट उतरला की मातीचा रंग पालटतो. वरची काळी-करडी माती संपते आणि चिऱ्याची तांबडी जमीन सुरू होते. घरांभोवतीचे दगडी गडगे तांबडे, रस्त्याच्या कडेची झाडं तांबडी, आणि थोड्या वेळानं आपली पांढरी गाडीपण तांबडी. आंब्याच्या बागा मोहोरानं भरल्या होत्या. मंगलनं काच खाली केली आणि नाक बाहेर काढून बसली. मी धुळीचं बोललो तर म्हणाली, "गाडी धुवायला येते. वास परत येत नाही."

विल्या मारुती मंदिराच्या चौकात वाट बघत उभा होता. आधी जेवायला नेलं. बाजाराकडच्या गल्लीत घरगुती खानावळ, चारच टेबलं, बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, भाकरी, भात, सोलकढी. माणशी अडीचशेच्या आत. तिरफळ पहिल्यांदा खाणाऱ्यांनी दाणा चावू नये, जीभ काही काळ आपली राहत नाही. मंगलनं चावला.

जेवताना विल्या नुसता भात चिवडत होता. मी ओळखलं, गडी अडचणीत आहे. हॉलवर पोचलो, त्यानं दिवे लावले आणि बाजूला उभा राहिला.

आता नीट सांगतो. स्टेजमागची सबंध भिंत भरून एक चित्र होतं. चित्र म्हणजे त्यात माणूस नाही, झाड नाही, बोट नाही, गणपती नाही. डावीकडे पिवळा. आमच्या धंद्यात पिवळ्याला नावं आहेत: लिंबू, हळदी, झेंडू, केशरी-पिवळा, मोतीचूर. गिऱ्हाईक एक नाव घेतं आणि मी कापडाचं ते थान काढतो. या पिवळ्याला मला थान सापडेना. खाली कोपऱ्यात तो मळकट होता, चिऱ्याची पूड मिसळल्यासारखा, आणि वर चढत चढत जाऊन असा पेटला होता की हॉलचे दिवे लावायची गरज नव्हती. मधे निळसर राखाडी पट्टा, तो कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसत पुसत नेलेला. लाल मोजकाच, थेंबांचा. आणि उजवीकडे वरून खाली आलेला काळा. दोन हात रुंद. तो रेघ नव्हता आणि डागही नव्हता. तो एक झोक होता. वरून सुटला, पोटात फुगला, वळला आणि खाली येता येता त्याचा रंग संपला. शेवटी नुसत्या कोरड्या रेषा उरल्या, त्यांच्यामधून कापडाचे धागे दिसत होते.

मी मागं सरकलो. आणखी मागं सरकलो. खुर्च्यांची रांग मागं होती ती मला दिसलीच नाही, तिच्यात जाऊन बसलोच. माझे पाय आपोआप मागं गेले होते, जसे उंच बांबू उभा होताना जातात. कापड बांबूवरून टाकायचं असतं ना, ते नवखा माणूस हातानं टाकतो आणि ते मधेच पडतं. खरं टाकणं कंबरेतून येतं. मग कापड वर जाऊन क्षणभर हवेत उघडतं, आणि त्या क्षणी खालची सगळी माणसं वर बघतात. तो काळा हातानं काढलेला नव्हता. तो कंबरेतून आला होता. कुणीतरी सगळं अंग त्याच्यामागं टाकलं होतं, आणि ते अंग मला माझ्या अंगात कळलं. असं मला कधी कुठल्या चित्रासमोर झालेलं नाही. तशी मी चित्रं बघितलीत कुठं म्हणा, कॅलेंडरं बघितलीत.

जवळ गेल्यावर आणखी एक गंमत. पिवळ्यातून आडवी एक शिवण गेली होती. दुहेरी टीप, आमच्या शिलाई-मास्तरची. मागच्या वर्षी विल्यानं जाड पांढरं सुती कापड मागवलं होतं, तेच हे. मी कनातीसाठी समजलो होतो.

"कोण रे हा?" मी विचारलं.

"ताई," विल्या म्हणाला.

सुलभाताई, त्याची थोरली बहीण. आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं. निम्म्या रत्नागिरीनं तिच्या हाताखाली तांब्या-पेल्याचं वस्तुचित्र काढलंय. स्वतःची चित्रं काढायला जागा कधी नव्हतीच. दोन खोल्यांत वहीएवढी काढायची. निवृत्त झाली तेव्हा हॉलचं बांधकाम चालू होतं. विल्या म्हणाला, ताई, ही भिंत तुझी. तिनं कापड हॉलच्या फरशीवर अंथरलं आणि अनवाणी त्यावर फिरून हे काढलं.

"आणि आता?" मी म्हटलं.

विल्या खुर्चीत बसला. "आता काय! उद्‌घाटनाला सासरेबुवांनी सगळ्यांदेखत विचारलंन, रंगारी मधेच सोडून गेला काय रे? एकाला वाटलं टाकी गळत्ये. ते मी हसण्यावारी नेलं. पण बुकिंगला माणसं येतात, हॉल बघतात, जेवणाचा हॉल बघतात, खूश होतात, आणि मग स्टेजकडे बघून म्हणतात, लग्नाला मागे काळा? लांज्याकडचे दत्तारामभाऊ आहेत, मुलीचं लग्न मे महिन्यात. सगळं पसंत. फक्त तो काळा झाका म्हणतात. रविवारी परत येणारेत. माझा पहिला सीझन आहे सद्या. हे घर मोठं आहे, दहा घरांत त्यांचा शब्द चालतो. ते दुसरीकडे गेले तर मागोमाग सगळे जातील."

"आणि ताईंना?"

"माहीत नाही. म्हणून तर खुर्च्यांचं काम." त्याचे कान लाल झाले. "तिला आयुष्यात एकदा कोणी भिंत दिली, ती मी दिली. आता मीच झाकणार."

मंगल आमचं सगळं ऐकत स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली होती, डाळिंबी साडी, पाठीमागं तो काळा. मापाआधी जागेचे फोटो काढायची मला सवय आहे. तिचा एक तिथं काढला, मग पिवळ्यासमोर उभी करून एक काढला. "उपाशी नाही, जेवलेली आहे म्हणून हसते," ती म्हणाली.

राहायला मांडवीच्या बाजूला खोली घेतली होती. दोघांना दीड हजार, स्वच्छ, गरम पाणी सकाळी मागावं लागतं. आंब्याच्या दिवसांत हीच खोली या भावाला मिळणार नाही. संध्याकाळी चौपाटीवर गेलो. मांडवीची वाळू काळपट, त्यावर पाणी येऊन गेलं की आरशासारखी चमकते आणि मावळता सूर्य त्यात दुसऱ्यांदा मावळतो. भेळ घेऊन कठड्यावर बसलो. शेजारी दोन निवृत्त गृहस्थ, स्वेटर घालून, जरी थंडी नावालाच होती.

"विलासच्या नव्या हॉलात गेलास काय रे?"

"गेलो. मठ्ठा बरा होता."

"आणि ते चित्र?"

"त्याच्याकडे पाठ करून जेवलो. म्हटलं, उगाच वळून बघायचो आणि समजायला आणखी एक पंगत बसावं लागायचं."

माझ्या कानांना असली संपत्ती फुकट मिळते. पण हसताना विल्याचे लाल कान आठवले आणि भेळ जरा कमी गोड लागली.

तेवढ्यात मंगलनं माझा फोन घेतला आणि दुपारचे फोटो बघायला लागली. एक फोटो बोटांनी मोठा केला. मग म्हणाली, "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा माझा फोटो बरा काढलाय तुम्ही." पिवळ्यासमोरच्या फोटोत तिचा चेहरा काळवंडला होता, नेहमीसारखा, मागं उजेड असला की फोन तोंड काळं करतो. काळ्यासमोरच्यात मात्र कपाळ, नाक, कानातली फुलं, सगळं उजळून निघालं होतं. मी ते नुसतं बघून ठेवलं. धंद्यातल्या माणसाला कुठली गोष्ट कधी लागेल सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी घावणे आणि ओल्या काजूची उसळ. फेब्रुवारीत गेलात तर ही उसळ सोडू नका, नंतर मिळते ती वाळक्या काजूची, तिच्यात तो गोडवा नसतो. खाऊन मंगल बाजारात गेली आणि मी टेप घेऊन हॉलवर. विल्या कामाला बाहेर गेला होता. शिडी लावली, वर चढलो, टेपचं टोक खिळ्याला अडकवलं, आणि मागून आवाज आला.

"खुर्च्या भिंतीवर लावणार आहात की काय?"

खाली एक बारीकशी बाई उभी. पांढरे केस, चष्मा दोरीला, साडीचा पदर खोचलेला. मी ताबडतोब ओळखलं. शिडीवरून खोटं बोलणं अवघड असतं, हात मोकळे नसतात.

"सुलभाताई, मी सदाशिव. मिरजेचा."

"माहीत आहे. विलासला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून कान सांगतात त्याचे." त्या पुढं आल्या आणि टेपचं लोंबतं टोक हातात घेतलं. "मोजा. मी धरते."

आणि त्यांनी खरोखर धरलं. आपल्याच चित्रावर पडणाऱ्या पडद्याचं माप त्यांनी माझ्याबरोबर घेतलं, आडवं आणि उभं, एकदा मी चुकलो तर "परत घ्या" म्हणाल्या. मग आम्ही खुर्च्यांवर बसलो. थर्मासमधून कोरा चहा काढला त्यांनी, गवती चहा घातलेला.

"आता सांगा, काय दिसलं?"

"दिसलं असं काही नाही," मी म्हटलं. "पण तुम्ही कुठं उभ्या होतात ते कळतंय. हा पिवळा तुम्ही बसून लावलाय, खालच्या बाजूनं, गुडघ्यावर. हा निळा पुसताना मागं मागं सरकत गेलाय. आणि काळा उभ्यानं. एका दमात."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चित्राऐवजी माझ्याकडे बघितलं.

मला जोर आला. "आणि तो लाल जिथं उडालाय, तिथं तुम्हाला फार राग आला होता."

"राग नव्हे हो. शिंक आली."

हसून हसून माझा चहा सांडला. आवर घालायच्या आधीच सबंध रिकामा हॉल आमच्या हसण्यानं भरला. मग त्या सांगायला लागल्या. ब्रश बाजारातला नव्हता. नारळाचं सोडण भिजवून, ठेचून त्याचा कुंचा केला होता, परसात चुना मारायला करायचे तसा. त्याला काठी बांधली. पिवळा बरेच दिवस चालला. "छान वाटत होता. पण नुसता पसरत होता, लाडावलेल्या पोरासारखा. घरात त्याला कोणी थांब म्हणणारं नव्हतं. मी रोज यायची, बघायची, परत जायची. सुतार विचारायचे, बाई आज सुट्टी काय? मग एक दिवस काळा भिजवला, काठी उचलली आणि..." त्यांनी बसल्या बसल्या उजवा हात वरून खाली आणला. चहाचा कप त्याच हातात होता, पण थेंब सांडला नाही. "झालं ते एका श्वासात. मग मी फरशीवर बसून राहिले. पिवळा पहिल्यांदा गप्प बसला होता."

मी वळून बघितलं. आणि आता मला ते दिसलं, म्हणजे कळलं. काळा पिवळ्याला मारत नव्हता. त्याला ताणून धरत होता, जसा कोपऱ्यातला एक खांब सगळ्या मंडपाला धरतो.

"पडद्याचं काय ते करा," त्या म्हणाल्या. "विलासचं कर्ज आहे, त्याचं दुकान चालायला हवं. सगळं झाकलंत तरी चालेल, मागे आहे म्हणून मला ठाऊक असेल. पण नुसता काळा झाकायचा असेल तर मी ते उतरवून घेईन. ते चित्र मग माझं नाही."

"उतरवून ठेवणार कुठं?"

"घडी करूनच ठेवावं लागेल. घडी पडली की तिथे रंग तडकतो. तडकूं दे."

शेवटचे दोन शब्द त्यांनी इतक्या सहज म्हटले की मी उगाचच टेप गुंडाळायला लागलो. दत्तारामभाऊंची मागणी नेमकी तीच होती, फक्त काळा झाका. आणि विल्यालाही तेच बरं वाटत होतं, अर्ध्या खर्चात काम, ताईचं निम्मं चित्र शिल्लक.

रविवारी सकाळी आम्ही सगळे हॉलवर. सुलभाताई मागच्या रांगेत जाऊन बसल्या. विल्यानं त्यांना बघितलं आणि टेप धरलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि सगळं उघड झालंय हे त्याला कळलं. 

दत्तारामभाऊ आले, पांढरा कडक शर्ट, मुंबईत नोकरी करून आता गावी परतलेले. बरोबर मुलगी रेश्मा, जिचं लग्न.

"विलासशेठ, मी काय बोलतो," ते म्हणाले, "हॉल एक नंबर हाय. पन मुहूर्ताला पोरीच्या डोक्यामागं काळा नको. माणसं काय बोलतील?"

मी माझं हत्यार काढलं. "भाऊ, लग्नात नवरीच्या गळ्यात काय घालतात? काळे मणीच ना?"

"ते गळ्यात," भाऊ म्हणाले. "भिंतीवर नाय घालत."

संपलं. मला वाटलं होतं हा मुद्दा म्हणजे हुकमाचा पत्ता आहे. रेश्मा हसली, मंगलपण हसली, आणि विल्यानं हताश होऊन माझ्याकडे बघितलं. मग मी म्हटलं, ठीक आहे, बोलणं बंद, करूनच बघू. गाडीत नमुन्याचा म्हणून क्रीम रंगाच्या सॅटिनचा एक लांब पडदा होता. शिडी चढलो आणि तो वरून सोडला. काळा झाकला गेला.

मी खाली उतरलो आणि वळलो. मागच्या रांगेकडे बघायचं धाडस केलं नाही. चित्राकडे बघितलं. पिवळा तोच होता, पण सुजल्यासारखा दिसायला लागला. निळा पट्टा कुठून आला आणि कुठं चालला हे त्यालाच माहीत नसल्यासारखा. भाऊसुद्धा डोकं तिरकं करून बघत होते.

"रेश्मा, बाळा, इथं उभी राहा," मी म्हटलं आणि क्रीम पडद्यासमोर तिचा फोटो काढला. मग पडदा ओढून काढला, तिला तिथंच उभी ठेवून दुसरा. फोन भाऊंच्या हातात दिला. परवा चौपाटीवर मंगलच्या फोटोंत जे दिसलं तेच इथं झालं. पडद्यासमोर पोरीचा चेहरा काळवंडलेला, काळ्यासमोर उजळ.

"अय्या, बाबा," रेश्मा म्हणाली, "हा मी स्टेटसला ठेवते."

फोटो हे निमित्त होतं, हे मला ठाऊक होतं. पण गिऱ्हाईकाला खरं कारण विकता येत नाही. त्याला असं कारण द्यावं लागतं जे तो घरी जाऊन सांगू शकेल. एवढं माझ्या धंद्यानं मला शिकवलंय.

भाऊंनी फोन परत दिला. पण ते हलले नाहीत. त्या काळ्यासमोर उभे राहिले, आधी लांब, मग जवळ, मग परत लांब.  मी त्यांच्या उजव्या खांद्याकडे बघत होतो. तो हलत होता. थोडा वर, थोडा पुढं, मग खाली सुटायचा, पुन्हा वर. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता.

"ह्ये काढलंन कोनी?" त्यांनी विचारलं.

विल्याचे कान लाल झाले. मागच्या रांगेतून सुलभाताई म्हणाल्या, "मी."

भाऊंनी वळून त्यांना खालून वरपर्यंत बघितलं. "तुमी? येवढ्याशा बाई? उडी मारलीत काय?"

"थोडीशी."

"मारलीच आसनार." भाऊ परत भिंतीकडे वळले. "शिमग्याला आमी पालखी नाचवतो. पोरगा होतो तवापासून खांद्याला हाय. लोकांना वाटतं आपन नाचवतो. तसं नसतंय. एक टाइम येतो ना, तवा तीच फिरते. खांदा आपन देत नाय, ती घेते. ह्यो बगा, इथं," त्यांनी काळा जिथं पोटात फुगून वळतो तिथं हात नेला, लावला मात्र नाही, "इथं तिनं घेतलान."

सुलभाताई उठल्या आणि पुढं आल्या.  त्या नुसत्या भाऊंच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि दोघं मिळून बघत राहिले. इतक्या दिवसांत त्या चित्रासमोर पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी कुणी उभं राहिलं होतं. मंगलनं मला कोपरानं ढोसलं आणि आम्ही बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

जाताना भाऊ विल्याला म्हणाले, "घरात इचारून सांगतो." हे वाक्य ज्यांनी धंदा केलाय त्यांना माहीत आहे. विल्या फाटकापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "गेली पार्टी." सुलभाताई आणि मंगल मिळून क्रीम पडद्याची घडी घालत होत्या, टोकाला टोक. ताई म्हणाल्या, "जाऊं दे विलास. सोमवारी तुला वाटेल ते कर. पुरा झाक." आणि माझ्याकडे बघून, "माप घेतलेलं आहेच."

येताना कोकम, आंबापोळी आणि मंगलच्या हट्टानं सुके बोंबील घेतले. बोंबील गाडीत घेणार असाल तर डबा घट्ट झाकणाचा घ्या. घाट संपेपर्यंत आम्ही काचा खाली ठेवूनच आलो. मलकापूरला चहा प्यायला थांबलो तेव्हा मंगल म्हणाली, "तुम्ही पडदा शिवणार?"

"विल्यानं सांगितलं तर शिवावा लागेल."

"शिवा. पण मला दाखवू नका."

घरी येऊन गुरुवार उजाडला तरी फोन नाही. मापाचा कागद मशीनवर पडून होता, मास्तर विचारून गेला, मी म्हटलं थांब. त्या चार दिवसांत मला एक विचित्र सवय लागली. कुठलीही गोष्ट बघितली की ती कुठून सुटली आणि कुठं थांबली ते शोधायचो. भाजीवाली तराजू उचलते ते, देवळातला पुजारी हार फेकतो ते, समोरच्या दुकानाचं शटर खाली येतं ते. इतकी वर्षं मी रंग विकले, पण रंगाला अंग असतं हे मला विल्याच्या भिंतीनं सांगितलं. तुम्ही रत्नागिरीला गेलात तर हॉलचं नाव शोधत बसू नका. मी देणार नाही, विल्याला फुकट बघे नकोत. पण कुठेही असं चित्र समोर आलं, ज्यात काय आहे ते कळत नाही, तर पाठ करून जेवू नका. जरा उभे राहा. आपला खांदा काय म्हणतो ते बघा.

शुक्रवारी दुपारी विल्याचा व्हिडिओ कॉल आला. हॉल दिसत होता. स्टेजवर दोन मोठ्या लाल खुर्च्या, नवरा-नवरीच्या, अगदी त्या काळ्यासमोर.

"बुकिंग झालं," विल्या ओरडला. "अट घातलंनी! खुर्च्या काळ्यासमोरच पाहिजेत, दुसरीकडे नाही. लिहून द्या म्हणतात!"

"मग ओरडतोस कशाला?"

"ताईला चालत नाही! खुर्चीची पाठ तिच्या वळणावर येत्ये म्हणते. तूच सांग आता."

फोन हलला. दत्तारामभाऊ डावीकडच्या खुर्चीत ताठ बसले होते, नवऱ्यासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर सुलभाताई कमरेवर हात ठेवून.

"भाऊ, अजून थोडे डावीकडे."

"बाई, अजून डावीकडं गेलो तं नवरी मांडवाभाईर जाईल."

"मग खाली वाका. डोकं तिथे नको."

"लग्नात मान खाली घालायला लागतेच, ती पन तुमच्या चित्रासाठी?" असं म्हणत ते खुर्चीसकट सरकले. पुन्हा बसले. सुलभाताई मागं गेल्या, आणखी मागं गेल्या, आणि एका जागी थांबल्या. भाऊंच्या डोक्यावरून तो काळा झोक सुटून, फुगून, वळून खाली आला आणि त्यांच्या खांद्याला लागून कोरडा होत संपला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता हलू नका."

भाऊ हलले नाहीत. मीही इकडे मिरजेत फोन धरून हललो नाही. मंगल मागून डोकावून बघत होती. ती आत गेली, कॅलेंडर काढून आणलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. "मे महिन्यात रेश्माच्या लग्नाच्या दिवशी कुणाचा मंडप घेऊ नका," ती म्हणाली.